मका आणि चुना

आमच्या घरात पाककृतींच्या पुस्तकाला फारसा मान नाही. माझ्या लग्नात मावशीने मोठ्या हौसेने कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ दिली होती. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी (आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे), ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “वाट्या-चमच्यानं मोजून कुटं सैपाक हुतोय व्हय?” पुढे कित्येक वर्षे ते पुस्तक तांदळाच्या पिंपावर पालथे पडून होते.

अशा या घरात गेल्या दिवाळीला माझ्या मुलाने टेक्सासहून येताना विटेएवढे जाड इंग्रजी पुस्तक आणले आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मेक्सिकन जेवण करायचे, असे जाहीर केले. तिकडे शिकायला गेल्यापासून त्याचे पोट मेक्सिकन खाणावळींनीच सांभाळले आहे. “आई, तिकडं तिखट खातात ते तेवढेच,” हे त्याचे प्रमाणपत्र. कोल्हापूरच्या माणसाने परगावच्या तिखटाला तिखट म्हणावे, ही काही साधी गोष्ट नव्हे!

पुस्तक डायना केनेडी या बाईंचे. बाई जन्माने इंग्रज. १९५७ साली मेक्सिकोत गेल्या आणि गावोगाव हिंडून तिथल्या बायकांच्या चुलीपुढे बसून शिकल्या. पहिले पुस्तक १९७२ साली निघाले, ते हेच. हे साल मी वाचले तेव्हा मला काहीच वाटले नाही.

मुलाने निवडला होता ‘मोले’ नावाचा प्रकार. मेक्सिकोच्या जुन्या भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता रस्सा. त्याची यादी मी आत्यांना वाचून दाखवली: तीन जातींच्या सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, दालचिनी, लवंग, टोमॅटो, लसूण, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, दगडावर वाटायचा आणि कोंबडीला लावायचा. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, “ह्यो तर आपलाच मसाला की गं. खोबरं न्हाई व्हय त्यात?” खोबरे नव्हते. शेवटी थोडे चॉकलेट घालायचे होते, ते मी आत्यांना सांगितलेच नाही.

एका अर्थी आत्यांचे खरेच होते. मिरची मूळची तिकडचीच. गोव्यात १५१० साली पोर्तुगीज आले आणि त्यांच्या गलबतांतून ती पुढे आपल्याकडे उतरली. त्याआधी आपले तिखट म्हणजे मिरी आणि आले. टोमॅटो, शेंगदाणा हीही अमेरिकेकडची मंडळी. उलट दालचिनी-लवंग आपल्या बाजूने तिकडे गेली. मिरचीबरोबर पुस्तक काही आले नव्हते. तरी आमच्या बायकांनी तिला अशी काही वळणावर आणली, की संकेश्वरी आणि लवंगी या आपल्या पणजीच्या माहेरच्याच, असे वाटावे. पुस्तकातल्या मिरच्या काही कोल्हापुरात मिळेनात. मी रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी घेतली आणि केनेडीबाईंची मनोमन क्षमा मागितली.

मोलेबरोबर खायची ती मक्याची पातळ भाकरी, तोर्तिया. इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली.

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात मी वाळका मका मागितला. दुकानदाराने विचारले, “वहिनी, कोंबड्यांसाठी का म्हशीसाठी?” माणसांसाठी, असे म्हणायची मला लाजच वाटली. मका घेऊन मी पापाच्या तिकटीजवळ पानाच्या ठेल्यावर गेले आणि चुन्याची मोठी डबी मागितली. पानवाला मला ओळखतो. आमच्या घरी कोणी पान खात नाही, हेही त्याला माहीत. म्हणाला, “बाई, एवढा चुना कुणाला लावताय?”

तर चुना लावायचा होता मक्याला. पुस्तकात ते सविस्तर दिले आहे. अर्धा किलो मक्याला चहाचा चमचाभर चुना पाण्यात कालवायचा, त्यात मका उकळायचा आणि रात्रभर तसाच झाकून ठेवायचा. उकळी यायच्या आत दाणे हळदीसारखे पिवळेधमक झाले आणि स्वयंपाकघरात नव्याने चुना दिलेल्या भिंतीचा वास सुटला. सकाळी दाणे हातावर चोळले, तशी वरची साले निसटून आली. तीनचार पाण्यांनी धुवायचे आणि वाटायचे. हजारो वर्षे तिथल्या बायका हेच करीत आल्या आहेत. नुसत्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, भाकरी थापताना कडा फाटतात. चुन्यातल्या मक्याची कणीक मात्र एकजीव होते. शिवाय मक्यात एक जीवनसत्त्व असते, ते अंगी लागेल अशा रूपात नसते. चुना ते मोकळे करतो. युरोपने मका नेला, पण चुना तिथेच राहिला. पुढे इटलीत, स्पेनमध्ये गोरगरीब वर्षानुवर्षे मक्यावरच जगले आणि त्यांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. कातडी सोलून निघे, वेड लागे, माणसे दगावत. बियाणे समुद्र ओलांडून गेले आणि ते शिजवणारी बाई किनाऱ्यावरच राहिली!

तशी मक्याशी आपली अगदीच ओळख नाही असे नव्हे. पंजाबात आणि आपल्या सातपुड्यात मक्याची भाकरी होतेच. आणि ज्या देशातून तो आला, तिथे जाऊन मक्याचे संशोधन करणारा एक मराठी माणूसही होऊन गेला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. देशोदेशी भटकत ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर प्रयोग केले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने तिथल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना पंगतीच्या मध्यभागी भाकर मोडताना रंगवले आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. त्यांच्या रोजच्या ताटात हीच चुन्याच्या मक्याची भाकरी पडत असणार. दुष्काळ त्यांच्यामागून पाचच वर्षांनी आला.

त्या दुष्काळाचे मला त्या दिवशी कळले.

मी धुतलेला मका पाट्यावर घेऊन बसले होते. मिक्सरमध्ये तो ओबडधोबड राहिला, म्हणून आत्यांचाच पाटा काढला. आत्या देवपूजा आटोपून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

“काय वाटतीयास?”

“मका आहे आत्या. त्याची भाकरी करायची.”

त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन पडून राहिल्या. बऱ्याच वेळाने मी पाणी घेऊन गेले, तेव्हा भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या. बाहत्तर साली त्या आटपाडीकडच्या आमच्या गावी होत्या. माणदेशच तो, एरवीही पाऊस बेताचा, आणि त्या साली तर नावालाही नव्हता. त्या मामंजींबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळे. ज्या आठवड्यात तीही संपे, त्या आठवड्यात मक्याच्या कण्या. “दोन-दोन तास शिजवलं तरी दातात कचकच. प्वाटात राहीना. आमचं काय, आमी खाल्लं. पर बाळ्याला बी त्येच घातलं.” बाळ्या म्हणजे माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ. असा कोणी होता, हे लग्नाला सत्तावीस वर्षे होऊन मला ठाऊक नव्हते. दीड वर्षाचे पोर आठ दिवसांच्या हगवणीत गेले. पुढच्या साली ही दोघे कोल्हापुरात आली, मामंजी मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा वाहू लागले, आणि तेव्हापासून या घरात मक्याचा दाणा आला नाही. पावसाळ्यात रंकाळ्यावर भाजलेली कणसे सगळे खात, आत्या तेवढ्या बाकावर पाठ करून बसत. मला वाटे, दातांमुळे.

मी पाटा आवरायला उठले. आत्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. पोरगं वरसानं आलंय.”

वाटलेला गोळा घेऊन मी भाकऱ्या थापू लागले, तर एक धड होईना. पुस्तकात दाबयंत्र सांगितले आहे, ते कुठून आणणार? माझ्या तिसऱ्या भाकरीचा नकाशा पाहून आत्या पुढे आल्या, मला बाजूला सारले आणि बसल्या. पहिला गोळा हातात घेऊन बोटांनी दाबला, वास घेतला. “ह्येला चुना लावलाय?” मी सगळे सांगितले. त्यांनी पुढे विचारले नाही. अठरा भाकऱ्या थापल्या, एकीचीही कड फाटली नाही, आणि तव्यावर बहुतेक सगळ्या टम्म फुगल्या. मुलगा म्हणाला, “आज्जी, मेक्सिकोत तुला कुणीबी ठेवून घेईल!”

जेवण झकास झाले. चॉकलेट कोणाच्या लक्षात आले नाही. आत्यांनी मोले दोनदा वाढून घेतले, पण आपल्या ज्वारीच्या भाकरीबरोबर. मक्याला त्यांनी हात लावला नाही, आणि कोणी आग्रह केला नाही.

रात्री भांडी विसळताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “ह्यो चुना तवा कुणी का सांगितला न्हाई गं? गावात पानाची दोन दुकानं हुती.”

काय सांगणार? ते पोर चुन्याने वाचले असते, असे मी म्हणणार नाही. उपाशी आईच्या दुधाला आणि खड्ड्यातल्या पाण्याला चुना काय करील? तसे म्हटलेही. त्यांनी मान हलवली. पण प्रश्न तो नव्हता, हे मलाही कळत होते. बोटीतून धान्य आले तेव्हा पोती मोजून घेणारे होते; कसे शिजवायचे हे सांगणारे कोणी नव्हते, एवढेच मला म्हणता आले. त्याच साली ते लिहिलेले पुस्तक न्यूयॉर्कला छापले जात होते, हे मी त्यांना सांगितले नाही.

चुन्याची डबी आता फडताळात आहे. मका निम्माशिम्मा उरला. शेजारच्यांच्या कोंबड्यांना घालू का, म्हणून मी परवा आत्यांना विचारले.

“असू दे,” त्या म्हणाल्या.