भरतीच्या बेटांवरील दिवे

गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी वाहून आणलेल्या गाळातून बंगालच्या उपसागराच्या काठी जी सखल भूमी निर्माण झाली, तीच सुंदरबन होय. भारताच्या हद्दीत तेथे 102 बेटे असून त्यांपैकी 54 बेटांवर मनुष्यवस्ती आहे. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी खाड्यांतून आत शिरते. वस्तीच्या बेटांभोवती मातीचे बांध नसते, तर ते शेतांतून वाहिले असते. कोकणातील खाजणांचे बांध ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या बांधांचे मोल वेगळे सांगावयास नको. अशा प्रदेशात विजेची तार न्यावयाची म्हणजे मऊ चिखलात उंच मनोरे रोवून रुंद नद्या ओलांडावयाच्या! कोलकाता शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर असूनही येथील घराघरांत कित्येक दशके घासलेटची चिमणीच तेवत राहिली, ती यामुळे. तार बेटावर येत नाही, तर बेटावरच वीज का निर्माण करू नये, हा विचार येथे गरजेपोटी जन्मास आला.

सियालदहहून रेल्वेने कॅनिंग, तेथून रस्त्याने गोदखाली आणि पुढे होडीतून नदी ओलांडली, की गोसाबाचा धक्का लागतो. या गावाचा पूर्वेतिहास मोठा बोधप्रद आहे. सर डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश गृहस्थाने 1903 साली येथील जमीन सरकारकडून पट्ट्याने घेतली आणि सहकारी तत्त्वावर वसाहत वसविली. कुळांना सावकारी पाशातून सोडविणे हे तिचे उद्दिष्ट होते. 1936 साली वसाहतीच्या व्यवहारासाठी त्याने एक रुपयाची स्वतंत्र नोटही काढली. 1932 च्या डिसेंबरात रवींद्रनाथ ठाकूर हे कार्य पाहण्यासाठी येथे येऊन राहिले होते.

त्याच गोसाब्यात 1997 साली 500 किलोवॅट क्षमतेचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याचे इंधन साधे लाकूड. लाकडाचे तुकडे बंद भट्टीत अपुऱ्या हवेत तापविले, की ते पुरते जळत नाहीत; त्यांतून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांनी युक्त असा ज्वलनशील वायू निघतो. तो थंड करून, डांबर व राख काढून शुद्ध केला आणि थोड्या डिझेलच्या जोडीने इंजिनात सोडला, की जनित्र फिरते. सायंकाळी काही तास बाजारपेठ व घरे उजळू लागली. कारभार सहकारी संस्थेकडे होता, हे गोसाब्याच्या परंपरेस साजेसेच म्हणावयाचे. मात्र भट्टीची भूक भागविण्यासाठी खारफुटीच्या रानाला हात लावून चालणार नव्हते. वादळाचा पहिला तडाखा झेलणारे ते रानच या बेटांचे कवच आहे. म्हणून इंधनासाठी वेगळी लागवड करणे हा या योजनेचा कणाच होता.

पश्चिमेस हुगळीच्या मुखाशी सागर बेट आहे. इतर तीर्थे अनेकदा, गंगासागर एकदा, अशी म्हण उत्तरेकडे प्रचलित आहे. कपिलमुनींच्या मंदिरापाशी मकरसंक्रांतीस लक्षावधी भाविक स्नानास लोटतात. याच बेटावरील कमलपूर येथे 1996 साली 26 किलोवॅटचे सौर केंद्र उभे राहिले, आणि मागोमाग इतर गावांतही अशी केंद्रे झाली. या कामात शांतिपद गणचौधुरी या अभियंत्याचा मोठा वाटा होता. सूर्य दिवसा तळपतो आणि दिवा रात्री हवा असतो. म्हणून दिवसाची वीज बॅटऱ्यांत साठवून सायंकाळी ती तारांवाटे घरोघर द्यावयाची, अशी व्यवस्था होती. साठा मोजका असल्याने प्रत्येक घराच्या वाट्यास दोन-चार दिवे आणि फार तर पंखा किंवा दूरदर्शन संच इतकेच येई. एकाने अधिक वापरले, तर शेजाऱ्याच्या घरी लवकर अंधार होणार! सार्वजनिक पाणवठ्यावर जो संयम लागतो, तोच येथे विजेच्या बाबतीत लागला.

पुढे नद्यांवर मनोरे उभे राहिले आणि मुख्य जाळ्याची वीज या बेटांवर आली. चोवीस तासांची आणि हवी तितकी वीज कोणास नको असते? छोट्या केंद्रांचे ग्राहक सहजच कमी झाले. परंतु 20 मे 2020 रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा खांब उन्मळून पडले आणि दक्षिण चोवीस परगण्यातील अनेक गावे दिवसच्या दिवस अंधारात राहिली. दूरची तार आणि जवळचे केंद्र या दोन्हींची गरज अशा वेळी कळते.

सध्या लहान अणुभट्ट्यांविषयीही पुष्कळ बोलले जाते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात भारत सरकारने त्यांसाठी 20,000 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. रशियाच्या उत्तर टोकास पेवेक या गोठलेल्या बंदरात 2019 पासून तरंगते अणुवीजकेंद्र काम करीत आहे. त्यातील दोन भट्ट्या प्रत्येकी 35 मेगावॅटच्या आहेत. त्यांतील एकच भट्टी कमलपूरच्या केंद्राच्या तेराशे पटींहून मोठी आहे, तरी तीही ‘लहान’च म्हणविते! खाणी, बंदर आणि बर्फाळ नगर यांना ते माप शोभते. शेपन्नास घरांच्या खेड्यास नव्हे. ज्याची गरज जेवढी, त्याचे केंद्र तेवढे, हाच विकेंद्रीकरणाचा खरा अर्थ आहे.

तथापि केंद्र लहान असले, म्हणून त्याची काळजी लहान होत नाही. बॅटऱ्या काही वर्षांनी थकतात. त्या बदलण्याइतका पैसा दरमहाच्या वर्गणीतून बाजूस पडला नसेल, तर माथ्यावर सूर्य तळपत असूनही गाव अंधारात राहते. सुंदरबनातील रहिवाशांना ही गोष्ट नवी नाही. बांधाला पडलेले छोटेसे भगदाड आज बुजविले नाही, तर उद्याची भरती शेत घेऊन जाते, हे तेथील लहान मुलासही ठाऊक असते. वीज येथे टिकावयाची, तर तिलाही बांधाप्रमाणेच रोजची राखण हवी.