पोर्ट लुईचा एक दिवस

मंडळी, बडोद्याहून कुणी मॉरिशसच्या क्रूझवर जाणार असाल तर हे जरूर वाचा.

आमचं जहाज सकाळी पोर्ट लुईच्या धक्क्याला लागलं. पाचच्या आत परत यायचं, अशी सक्त ताकीद. बाकीचे प्रवासी बस भरभरून बीचवर गेले. आमचे हे म्हणाले, "आठवडाभर पाणीच बघतोय, आता जमीन बघू." म्हणून टॅक्सी केली आणि आधी आप्रवासी घाट गाठला.

बंदराला लागूनच आहे. थोड्या दगडी भिंती, ओसाड खोल्या आणि सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेला मजूर याच पायऱ्या चढून वर यायचा, मग त्याची नोंद व्हायची, त्याला नंबर मिळायचा. १८३४ पासून हिंदुस्थानातून जवळजवळ ५ लाख माणसं या बेटावर आली. मुंबईहून आलेल्यांत आपल्या कोकणातलेही पुष्कळ. पायऱ्या इतक्या साध्या, की माहीत नसेल तर माणूस सरळ पुढे निघून जाईल.

परत आलो तर टॅक्सीवाला विचारतो, "मॅडम, तुम्ही मराठी? मीपण मराठी." आडनाव आपल्यातलंच, पण स्पेलिंग फ्रेंच धाटणीचं. एवढं एक वाक्य झालं आणि त्याची मराठी संपली. घरात क्रिओल, आमच्याशी सिनेमातली हिंदी. पण गणपतीची आरती मात्र त्याने गाडी चालवता चालवता सबंध म्हटली, एक शब्द न चुकता. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी अजून नाचतात, तिला ते झाकरी म्हणतात.

आमचे पणजोबाही रत्नागिरीकडचेच. ते गायकवाडी कचेरीत कारकून म्हणून बडोद्याला आले. याचे पूर्वज पाच वर्षांच्या गिरमिटावर उसाच्या मळ्यात. आम्हाला मराठी शाळा, दांडिया बाजारातलं बिऱ्हाड, दरबारचा मान, सगळं आयतं होतं. आम्ही भाषा टिकवली म्हणून दर स्नेहसंमेलनात टाळ्या घेतो, त्यात कौतुक कसलं? यांनी मळ्यात राबून काय काय सांभाळलं ते बघा. आणि आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं आरती मोबाइलमध्ये बघून म्हणतात, तीही गुजराती लिपीत!

दुपारी बाजारात त्याने आम्हाला गरम ढोल पुरी खायला घातली. ढोल म्हणजे आपली डाळच. पैसे काही घेतले नाहीत.

बंदराच्या फाटकाशी उतरताना त्याने अडखळत विचारलं, "मॅडम, आरतीत 'नुरवी' म्हणतात, त्याचा अर्थ काय? बाबांना विचारलं होतं, त्यांनाही येत नव्हता."

म्हटलं, "भाऊ, न उरवी. संकट जराही शिल्लक ठेवत नाही."

"न उरवी," तो म्हणाला. मग मुलीला फोन लावला आणि क्रिओलमध्ये भराभर काहीतरी सांगायला लागला. मधेच तेवढा एक शब्द आम्हाला कळला.