काहीच न घडल्याची नोंद

झंजीर गेला 16 नोव्हेंबर 2000 रोजी, हाडांच्या कर्करोगाने. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या या लॅब्राडोरच्या मरणाची बातमी अजूनही अधूनमधून वर येते, आणि दर वेळी तिच्यासोबत एक यादी येते : 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब, 6,406 काडतुसे. मुंबईच्या 1993 च्या स्फोटांनंतरच्या तपासात त्याच्या नाकाने उजेडात आणलेला हा ऐवज. फुलांखाली झाकलेला कुत्रा आणि त्याला पुष्पचक्र वाहणारा वरिष्ठ अधिकारी हे छायाचित्र पुष्कळांच्या लक्षात राहिले आहे. मला मात्र ती यादीच सोडत नाही. इतका चोख जमाखर्च माणसाच्या मृत्युलेखातही क्वचित सापडतो. तिथे मनमिळाऊपणा असतो, परोपकार असतो, कधी भरून न येणारी पोकळी असते. गड्याने नेमके केले काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. ती यादी वाचली की साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलाऱ्यांचा कुत्रा आठवतो. आठ-दहा वर्षे मेंढरे राखून तोही एक दिवस जातो. त्याची यादी कोणी करायची, आणि तिच्यात लिहायचे काय?

दिवाळी सरली की धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात. घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि पोरे, मागेपुढे कुत्री. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटल्या की मोकळ्या काळ्या रानात लेंडीखतासाठी मेंढरे बसवतात. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून कळप आत घेतला की कुत्र्याची पाळी सुरू होते. चुलीची ऊब सोडून तो वाघरीच्या बाहेर, वारा नाकावर येईल अशा बेताने बसतो. डोळे मिटलेले, कान उभे. रानातून काही सरकले की आधी घशात गुरगुर, मग चार पावले पुढे, मग भुंकणे; आणि ते भुंकणे ऐकून दुसऱ्या अंगाचा कुत्रा जागचा न हलता साद देतो, कारण दोघेही एकीकडे धावले तर उरलेली बाजू उघडी पडते. लांडगा ही उघडी बाजू हेरण्यात पटाईत असतो. सकाळी मेंढरे मोजली जातात, भरतात, आणि शेतमालकाने बांधावरून विचारले तर अहिराणीत उत्तर मिळते, ‘काहीच झायं नही.’ राखणीच्या कामाचे हेच फळ. झंजीरने शोधलेले स्फोटक तराजूत टाकता येते. न खाल्ले गेलेले कोकरू मोजायचे कसे? ते तर इतर कोकरांसारखेच चरत असते. राखण जितकी पक्की, तितका तिचा पुरावा कमी. म्हातारा कुत्रा गेल्यावर त्याच्यामागे आपण एक गुळगुळीत शब्द ठेवतो, ‘इमानी होता’, आणि मोकळे होतो.

माझी तक्रार या स्तुतीबद्दल आहे. इमान हा स्वभावाचा गुण झाला, आणि स्वभावाला मजुरी द्यावी लागत नाही. नोकराला ‘घरच्यासारखा’ म्हटले की पगारवाढ टळते, तसेच हे. धर्मराजामागून चालत गेलेल्या कुत्र्याची कथा अशा प्रसंगी हमखास निघते. कथा थोर आहेच. पण त्या कुत्र्याचे काम कोणते? सोबत चालणे. रायगडावरच्या वाघ्याचे तर इमानामुळेच हाल झाले. इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून 1936 मध्ये त्याचे स्मारक उभे राहिले. समकालीन कागदांत त्याचा दाखला नाही म्हणून आक्षेप आला. 2012 मध्ये पुतळा उखडला गेला, पुन्हा बसवला गेला. 2025 मध्ये तोच वाद नव्याने पेटला. मला त्यात बाजू घ्यायची नाही. कामाची एकही ओळ हाती नसलेल्या इमानाचे ओझे दगडालाही पेलत नाही, एवढेच त्यातून दिसते. याउलट आपला शेतकरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय करतो ते पाहावे. बैलाच्या स्वभावाचे गोडवे तो गात नाही. त्याचा खांदा हळद-तुपाने चोळतो. जू जिथे वर्षभर घासले, नेमका तिथे हात जातो. निरोप असो वा उपकारफेड, ती अशी कामाच्या जागी पोचावी.

कुत्र्याच्या बाबतीत हे नेमके जमलेले उदाहरण खानदेशापासून लांब आहे, पण काळाच्या हिशेबाने पाहिले तर फार परके नाही. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तिथला एक कोरीव दगड आज बंगळूरच्या संग्रहालयात आहे. साल 949-50. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण गादीवर होता. महाराष्ट्रही तेव्हा त्याच घराण्याच्या छत्राखाली. तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्य पडला, आणि विजयी बाजूच्या गंग राजा बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा एक वीर होता. त्याच्या पराक्रमावर खूश होऊन ‘माग’ म्हटले गेले, तेव्हा त्याने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. अशा वेळी माणसे गावे मागतात, हत्ती मागतात. याने कुत्रा मागितला, यावरून मणलेर काळीला त्याच्या कामामुळे ओळखत असावा असे मला वाटते. पुढे एका डोंगरावर काळीला मोठ्या रानडुकरावर सोडले. दोघेही एकमेकांना मारून मेले. मणलेरने आतकूरच्या देवळासमोर दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडावर कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले आहेत, आणि त्याच दगडावर राजांची लढाईही लिहिली आहे. चोळ राजपुत्राचा मृत्यू आणि कुत्र्याचा मृत्यू एकाच शिळेवर. इतिहासकारांना हा दगड लढाईसाठी लागतो. आपल्याला त्याची रीत घ्यायची आहे. काळी कोणाचा, कुठे, कोणाशी झुंजून मेला, एवढे त्यावर आहे. उमाळा काढायचा की नाही, ते वाचणाऱ्यावर सोडले आहे. हजार वर्षे ते टिकले याचे श्रेय मी या कोरडेपणाला देतो.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो : कुत्र्याला काय कळते काम, ती त्याची उपजत वृत्ती. अर्धे खरे. पण मेंढरांचा कुत्रा तयार रानात उगवत नाही. पिलू लहानपणापासून कळपात वाढवावे लागते, कोकरामागे धावणाऱ्याची खोड मोडावी लागते, आणि नवे कुत्रे जुन्याच्या मागे राहून शिकते. यालाच आपण माणसांत कसब म्हणतो. शिवाय बैलाला तरी पोळा कुठे कळतो? दुसरा आक्षेप गावातला आहे : मोकाट कुत्र्यांनी लोक हैराण असताना हे कौतुक कशाला? चावणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण राखणीचा कुत्रा त्या टोळीतला नाही. तो स्वतःच धोक्याच्या तोंडी असतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांचा आहार अभ्यासला, तेव्हा भक्ष्याच्या वजनात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. खानदेशालाही बिबट्या नवा नाही. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यातल्या नरभक्षकाला गोळी घालावी लागली होती. अशा मुलखात वाघरीबाहेर बसणारा कुत्रा एकाच वेळी पहारेकरीही असतो आणि पहिले भक्ष्यही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : ठेलाऱ्याच्या पोरांना शाळा नाही, चराईला जागा नाही, तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात? पण दोघांवरचा अन्याय एकाच जातीचा आहे. मेंढरांचे खत पुढच्या साली कापसाच्या बोंडात जाते, आणि हिशेबाच्या वहीत बियाणे आणि युरिया तेवढा दिसतो. न दिसणाऱ्या कामाची नोंद करायची सवय लागली तर ती कुत्र्यापाशी थांबणार नाही.

उरला खर्चाचा मुद्दा, म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याला बसून कोण खाऊ घालणार. सैन्यातल्या निवृत्त कुत्र्यांना मारून टाकले जात होते हे 2015 मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले, तेव्हा ओरड झाली आणि धोरण बदलण्याची भाषा सुरू झाली. नाशिक पोलिसांनी काही वर्षांपूर्वी बॉम्बशोधक पथकातल्या स्पाइकला 11 वर्षांच्या नोकरीनंतर निरोप दिला, तो फुले उधळून आणि तो जिवंत असताना. निरोपाची वेळ हीच. पोलिसांना असा समारंभ परवडतो; रानात त्याची गरज नाही. मागचे पाय लटपटू लागले, ऐकू येईनासे झाले तरी कुत्रा सवयीने वाघरीबाहेर जाऊन बसतो. त्याला उचलून आत, मेंढरांच्या उबेत आणावे, पुढल्या मुक्कामी रस्त्याकडेला सोडून जाऊ नये, आणि भाकरी मऊ करून द्यावी. ज्यांच्या शेतात मेंढरे बसली, त्यांनीही ठेलाऱ्याशी खताचा हिशेब करताना रात्रभर कोण जागले ते एकदा विचारावे. आणि तो गेला की ‘इमानी होता’ एवढ्यावर भागवू नये. कुठल्या रानात, किती हिवाळे, किती मेंढरे त्याने राखली ते पोराबाळांना सांगावे, आणि शेवटी हेही सांगावे, की तो जागा असताना काहीच झाले नाही.