उजनीचं नाव का खोडलंस?

बारामती, रविवार

चि. पोरीस,


मुंबईला पाठवायचं तुझ्या चित्रांबद्दलचं स्टेटमेंट वाचलं. रात्रीच फोन करणार होतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि शेवटी तुझंच खरं करतेस. म्हणून लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच, मधूनच फोन लावू नकोस.

‘जरा शुद्धलेखन बघा’ एवढंच तू मागितलं होतंस. ते केलंय, कागद सोबत आहे. पण मला लागलं ते वेगळंच. परवा बोलता बोलता तू म्हणालीस, ‘उजनी काढून टाकलं मामा. मुंबईत कुणाला कळणार? आणि गावाचं नाव घातलं की गावठी वाटतं.’ तू म्हणालीस आणि लगेच फ्रेमच्या भावावर गेलीस. माझ्या मनातून ते वाक्य अजून जात नाही. जिच्या आजीचं घर उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे, जी पळसनाथाच्या देवळाचा कळस उघडा पडायची वाट बघत मोठी झाली, तिनं उजनी खोडायची?

आता कागदावर काय उरलं ते बघ. ‘विस्थापनाच्या सामूहिक स्मृतींचा अमूर्त शोध.’ ‘काळ आणि अवकाश यांच्यातला तरल संवाद.’ ‘भव्य आकारमान.’ ‘मिश्र माध्यम.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही वाक्यं कोयनेच्या, नर्मदेच्या, अगदी फाळणीवर चित्रं काढणाऱ्याच्या नावावर चिकटवली तरी कुणी हरकत घेणार नाही. निवड करणाऱ्या माणसापुढं त्या दिवशी असल्या कागदांची चळत असेल. तो तुझा कागद वाचेल, बाजूला ठेवेल, आणि चहा यायच्या आत विसरेल. तुझ्या चित्रांवर हा अन्याय आहे आणि तो तू स्वतःच्या हातानं करते आहेस.

याच चित्रांबद्दल दिवाळीत तू मला काय सांगितलंस ते आठव. मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं होतं. तू म्हणालीस, ‘धरण मायनसमध्ये गेलं की काठ खाली सरकायला लागतो, मीही त्याच्याबरोबर खाली जाते. प्रत्येक टप्प्यावरचा गाळ वेगळ्या डब्यात भरते. वरचा भुरा असतो, खालचा काळा, ओला असताना निळसर. बाभळीच्या डिंकात कालवून मांजरपाटावर लावते, ज्या क्रमानं मिळाला त्याच क्रमानं. वाळल्यावर तडे जातात, ते बुजवत नाही. आणि कापड आपल्या दाराच्या चौकटीएवढंच घेते, कारण ती चौकट जुन्या घराची आहे.’

पोरी, स्टेटमेंट म्हणतात ते हेच. तू ते बोलून मोकळी झालीस आणि लिहायला बसल्यावर मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज लावलास. ‘मिश्र माध्यम’ लिहून तू गाळ झाकलास. ‘भव्य आकारमान’ लिहून आजीची चौकट झाकलीस. गाव सोडताना घराचं लाकूड, दारं, चौकटी बैलगाडीत घालून नेणारी ती पिढी आता किती उरलीय? ती चौकट तुझ्या चित्राचं माप ठरवते, हे वाचल्यावर कुठला माणूस ते चित्र पुन्हा वळून बघणार नाही?

मुंबईच्या माणसाला धरण मायनसमध्ये जाणं म्हणजे काय ते कळणार नाही, हे कबूल. मग एका वाक्यात सांग की! उजनीत सगळं मिळून सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. वरचं पाणी संपून त्या मृत साठ्याला हात लागला की आपल्याकडं धरण मायनस म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, देऊळ उघडं पडलं आणि मोटारी भरभरून माणसं बघायला आली. तुझा सगळ्यात खालच्या थरातला तो काळा गाळ त्याच उन्हाळ्यातला ना? मग तसं लिही, सालासकट. ज्याला उजनी ठाऊक नाही त्याला ती तुझ्या कागदावरून ठाऊक होईल. सगळ्यांना आधीपासून माहीत असलेलंच लिहायचं तर चित्र तरी कशाला काढायचं?

गावठी वाटेल म्हणतेस. सुधीर पटवर्धनांची चित्रं मी तुला दाखवली होती. माणूस पेशानं रेडिओलॉजिस्ट, जन्म पुण्याचा, राहणं ठाण्यात. त्यांच्या मोठमोठ्या कॅनव्हासांची नावं काय आहेत? ‘लोअर परळ’, ‘उल्हासनगर’. उल्हासनगरला उल्हासनगर म्हटल्यानं त्यांचं चित्र कुठं लहान झालं? व्हॅन गॉगनं १८८५ साली ‘बटाटे खाणारी माणसं’ काढलं तेव्हा भावाला जे लिहिलं, त्याच्याइतकं चांगलं स्टेटमेंट मी वाचलेलं नाही. त्यात तो सांगतो की ताटातल्या बटाट्याकडं जाणारे हे हात जमीन खणणारेच हात आहेत, आणि चित्राचा रंग धुळीनं माखलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा आहे. बस. मानवी अस्तित्व वगैरे त्याला सुचलं नसेल असं नाही, पण भावाला सांगताना त्यानं बटाट्याचा रंग सांगितला.

आणि इतकं लांब तरी कशाला? अरण तुझ्यापासून किती दूर आहे? धरणाच्या पलीकडं, माढ्यात. सावता माळ्यांनी आपला मळा, त्यातल्या भाज्यांची नावं, मोट-नाडा हे सगळं अभंगात घेतलं. नरहरी सोनारांनी सोनारकीची हत्यारं घेतली, गोरोबांनी माती घेतली, सेना न्हाव्यांनी आरसा घेतला. आपण काम काय करतो आणि ते कशासाठी करतो, हे हातातल्या वस्तूंची नावं घेऊन सांगायची आपल्याकडची ही रीत सातशे वर्षं जुनी आहे. तुमच्या दारावरून दर आषाढात ती गात जाते. त्या रस्त्यावर वाढलेल्या मुलीला ‘तरल संवाद’ कुठून उसना आणावा लागला, याचा मला राग येतो, आणि खरं सांगायचं तर तुझा नाही येत.

राग येतो तो आपल्या शिकवण्याचा. सर जे. जे. १८५७ साली सुरू झालं. तेव्हापासून आपण मुलांना रेषा शिकवली, छाया-प्रकाश शिकवला, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, पण काढलेल्या चित्राबद्दल चार वाक्यं लिहायला किती वर्गांत सांगितलं? डिप्लोमा हातात पडेपर्यंत पोरगं मुकं राहतं. मग एक दिवस कुणीतरी फॉर्म पुढं करतं, ‘दीडशे शब्द लिहा’, आणि ते बिचारं कॅटलॉग उघडून त्यातली वाक्यं जुळवायला लागतं. मी शाळेत होतो तोवर चित्राच्या मागं तीन ओळी लिहिल्याशिवाय वही तपासायचो नाही. हेडमास्तरांना आवडायचं नाही, पालक म्हणायचे हा मराठीचा तास आहे का. पण काटेवाडीच्या रिंगणाचं तू आठवीत काढलेलं चित्र माझ्याकडं आहे. मेंढ्या पालखीभोवती पळताहेत, पाय सगळे चुकलेत. मागं तू लिहिलंयस की मेंढ्या रस्ता बघत नाहीत, पुढच्या मेंढीची शेपटी बघतात, म्हणून मी आधी शेपट्या काढल्या. आठवीतल्या मुलीनं आपण काय पाहिलं, त्यावरून आधी काय काढलं आणि का, हे एका वाक्यात बसवलं होतं. तीच मुलगी आज लिहिते, ‘प्रेक्षक अंतर्मुख होतो.’ तो होईल किंवा नाही होणार, ते त्याच्यावर सोड ना. तू काय करतेस तेवढं तुझ्या हातात आहे.

तुझं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: ‘गायतोंडे कुठं बोलायचे?’ हे तुमच्या सगळ्यांच्या तोंडी असतं. गायतोंडे अबोल होते, खरंय. गेले २००१ साली, आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं २०१४ ला. त्यांच्या मौनामागं आयुष्यभराचं काम उभं होतं आणि त्यांच्याविषयी लिहिणारे दुसरे होते. तुझ्याविषयी आज कोण लिहिणार आहे? त्यापेक्षा बरव्यांकडं बघ. प्रभाकर बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरात नोकरी करायचे, डायऱ्या लिहायचे, आणि १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहून गेले. घड्याळ, पान, किल्ली असल्या रोजच्या वस्तू चित्रात कशा येतात, आकार आणि अवकाश एकमेकांशी कसे वागतात, हे त्यांनी स्वतःच्या कामाकडं बघत बघत लिहिलं. त्यांची चित्रं काही सोपी नाहीत, पण लिहिताना ते वस्तूला सोडत नाहीत. ते पुस्तक मी तुला दिलं होतं. अक्का म्हणते ते खिडकीत अडकण म्हणून लावलेलं असतं. आधी ते काढ तिथून.

आता काय करायचं ते सांगतो. हा कागद ठेवून दे. दिवाळीत बोललीस ते जसंच्या तसं लिहून काढ, मग मोठ्यानं वाच. आजीसमोर वाच. जिथं आजी ‘म्हंजे?’ म्हणेल ते वाक्य पुन्हा लिही. एटीडी, बक्षिसं, राज्य कला प्रदर्शन हे सगळं परिचयात जाऊ दे, इथं त्याला जागा नाही. सगळ्या चित्रांबद्दल थोडं थोडं सांगत बसू नकोस, एका चित्राबद्दल नीट सांग. त्या चौकटीच्या मापाच्या पाच पट्ट्यांच्या चित्राबद्दल सांग. तुला अजून न सुटलेली एखादी गोष्ट असेल तर तीही येऊ दे. तूच म्हणाली होतीस की दाजी गाळपेरीला मका टाकतात आणि तू तोच गाळ चित्रासाठी उचलतेस, यातलं कुठलं काम खरं ते तुला कळत नाही. हे लिहायला तू घाबरशील. पण सबंध कागदात मला सगळ्यात जास्त तेच वाचायचं आहे. त्यांना इंग्रजीत लागत असेल तर ते मागाहून बघू. आणि पुण्यातला तो कोण पैसे घेऊन लिहून देतो म्हणालीस, त्याला एक रुपया देऊ नकोस. तो गाळात उतरलेला नाही.

गाळात उतरण्याचंच काढलं तर माझी झोप उडते. वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय मांडीपर्यंत जातो, हे तुला मी सांगायला नको. तरी तू एकटी जातेस, मोबाइल काठावरच्या पिशवीत ठेवून. आणि बोटीनं पलीकडून गाळ आणायचं काय ते डोक्यात घेतलंयस? २१ मे २०२४ विसरलीस का? कुगावहून कळाशीला येणारी बोट वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्यात लहान पोरंही होती. दाजी आठवडाभर जेवले नाहीत नीट, अक्कानं मला सांगितलंय. चित्रात पलीकडच्या काठाचा गाळ नसला तरी चालेल. हवाच असेल तर रस्त्यानं गाडीनं जा आणि धाकट्याला सोबत घे. जॅकेटशिवाय बोटीत पाय ठेवलास असं कळलं तर मी तिथं येऊन बसेन, सांगून ठेवतो.

मुंबईच्या हवेची दुसरी काळजी. डिंकाला पावसाळ्यात बुरशी धरते. काचेत बंद केलंस तर अजूनच. डिंक भिजवताना त्यात लवंगेच्या तेलाचे दोन-चार थेंब टाकत जा, आणि आधीची चित्रं पाठवण्याअगोदर चांगली उन्हाच्या झळेत, पण थेट उन्हात नको, वाळू दे. मागच्या बाजूला पेन्सिलीनं प्रत्येक पट्टीचा गाळ कुठला आणि कधीचा ते लिहून ठेव. उद्या तू नसताना कुणी चित्र उलटून पाहिलं तर त्याला कळलं पाहिजे.

गुरुवारपर्यंत नवा मजकूर पाठव. शनिवारी शेवटची तारीख आहे असं म्हणालीस, म्हणजे मला एक दिवस तरी मिळू दे. टाइप करत बसू नकोस, वहीतल्या पानाचा फोटो पाठवलास तरी चालेल. आजीच्या गुडघ्याचं कळव. अक्काला सांग, मी आषाढीच्या आधी येतोय.

तुझा,
मामा

ता. क. फॉर्ममध्ये ‘माध्यम’ म्हणून जो रकाना आहे, त्यात लिही: उजनीचा गाळ, बाभळीचा डिंक, मांजरपाट. त्यांनी फोन करून विचारलं की हे काय, तर उत्तम. मग सांग त्यांना सगळं.