शंभराला पाच वर

कुठेही जा, पळसाला पाने तीनच. हे वाक्य कुणी उच्चारलं की पुढे बोलणं खुंटावं, अशी त्याची योजनाच आहे. वहिनींनी ते पोळ्या लाटता लाटता उच्चारलं आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. माझ्यापुरता तो तेव्हापासून उघडा आहे.

कारण पळस मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या वर्ध्याकडे बांधाबांधावर पळस. फाल्गुनात त्याच्याखाली उभं राहून वर पाहावं. फांदी फांदी केशरी झालेली असते आणि पान औषधाला सापडत नाही. म्हणजे वर्षातले काही आठवडे तरी ही म्हण साफ खोटी असते. आमच्या भावोजींनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांचं म्हणणं त्याहून वेगळं. ती तीन पानं नव्हेतच, ते तीन पर्णिकांचं एकच पान. तेव्हा पळसाला पान एकच, असं म्हणायला हवं. म्हणीच्या मुळावर उठलेला माणूस!

बरं, म्हण खरी धरली तरी ती मला करायला काय सांगते? दुसरीकडे गेलीस तरी एवढंच मिळेल, तेव्हा आहेस तिथे राहा, हा वहिनींचा अर्थ. पण सगळीकडे तीनच असतील तर इथेही तीनच आहेत. मग इथेच राहण्यात तरी काय विशेष? ज्या म्हणीच्या जोरावर राहता येतं, तिच्याच जोरावर निघताही येतं. असल्या म्हणी माणसं इतकी वर्षं का जपतात, कोण जाणे. बहुधा म्हणूनच जपत असतील.

एका ॲपवर मी कथामालिका लिहिते आणि ते सोडून दुसरीकडे जावं का, यावरूनच वहिनींची ती म्हण निघाली होती. नायिका एसटीत कंडक्टर, आर्वी आगाराची. (ती मुळात करोडपती घराण्याची हरवलेली मुलगी निघावी, अशी काही वाचकांची फार इच्छा आहे. मी अजून दाद दिलेली नाही.) पैशाचा हिशेब असा की वाचकांच्या वर्गणीचा एक गल्ला जमतो आणि महिनाभरात कोण किती वाचलं गेलं त्या प्रमाणात तो वाटला जातो. दर आधी कळत नाही, महिना उलटल्यावर कळतो. लिहिणारे भराभर वाढले आणि वर्गणीदार तेवढे वाढले नाहीत, की तेवढ्याच वाचनाचे पैसे कमी. पूर्वी त्यात किराणा आणि गॅस दोन्ही निघायचं. आता सिलिंडर निघतो, तोही भाव चढला नाही तर. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, हेच जास्त जाचतं. भांडायला समोर माणूस नाही.

दर बदलला की लिहिण्याची ठेवणही बदलते, हे मात्र खरं. ॲमेझॉनच्या किंडल अनलिमिटेडवर पूर्वी उसनं घेतलेलं पुस्तक दहा टक्के वाचलं गेलं की लेखकाला पैसे मिळत. साहजिकच चिमुकल्या पुस्तिकांचं पीक आलं. २०१५च्या जुलैपासून वाचलेल्या पानांमागे पैसे द्यायला सुरुवात झाली आणि लांबण लावणाऱ्यांना चांगले दिवस आले. माझी कंडक्टरबाई अलीकडे तिकीट फाडताना बरंच बोलते. का बोलते, ते मी फार खोदत नाही.

क्रमशः लिहिणारे पूर्वीही होते. कादंबरीकार ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः छापली. पत्र त्यांचं, संपादक ते, लेखकही ते. शिवाय पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, म्हणजे चूल कादंबरीवर अवलंबून नव्हती. त्यांच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. मला त्यांच्या प्रतिभेपेक्षा या गोष्टीचा हेवा वाटतो. गोष्ट अर्धी टाकून उठायची सोय!

पण मी पळसावर होते. आमच्या आत्याबाई पत्रावळी लावायच्या. ओसरीवर पाय पसरून बसायच्या, पदरात पानांचा ढीग, ओठांत चार-सहा काड्या. तीन पानं सारखी नसतात हे मला त्यांनीच दाखवलं. मधलं सरळ आणि मोठं, बाजूची दोन तिरकी, एका अंगाला फुगलेली. मधली पानं पत्रावळीच्या पोटात जायची आणि तिरकी कडेला, फुगीर बाजू बाहेर करून, म्हणजे गोल आपोआप साधतो. काडी वरून टोचायची, लगेच खालून वर काढायची आणि उरलेलं टोक नखाने मोडायचं. मला जमलं नाही. माझ्या पत्रावळीतून वरण गळायचं आणि ते नेमकं वडिलांच्या धोतरावर.

व्यापारी शेकड्यावर घ्यायचा, पण शंभराला पाच वर. फाटकी निघतात म्हणून. आत्याबाईंची एकही फाटकी निघत नसे, तरी पाच वर द्यावीच लागत. त्या पाचांवरून त्यांनी कधी वाद घातल्याचं आठवत नाही. मोजून झाल्यावर वरची पाच मात्र त्या वेगळी बांधून द्यायच्या, गठ्ठ्यात मिसळू द्यायच्या नाहीत. याचा अर्थ मी अनेकदा अनेक प्रकारे लावला आहे आणि प्रत्येक वेळी तो मला सोयीचा निघाला आहे.

मग कागदी ताटल्या आल्या, थर्माकोलच्या आल्या आणि भाव पडला. (२०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी घातली, तोवर आमच्या गावात पत्रावळ लावणारं कुणी उरलं नव्हतं.) आता खरी गंमत. आत्याबाईंनी धंदा सोडला की धंद्याने आत्याबाईंना, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. वडील सांगायचे, व्यापाऱ्याने दर पाडला त्याच दिवशी तिने पानांचा ढीग गुरांपुढे टाकला आणि हात झटकले. आई म्हणते, छे, ती मिळेल त्या दरात लावतच राहिली, गठ्ठे रचून ठेवायची, व्यापारीच यायचा बंद झाला. दोघांनाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवतं. पळसाची पानं गुरं खातात का, इथवर तो वाद जायचा.

मला कालपर्यंत वडिलांचं खरं वाटायचं. स्वाभिमानी आत्या, ढीग गुरांपुढे. सध्या आईची आवृत्ती खरी असावी असं वाटू लागलंय आणि ती मला पूर्वीइतकी केविलवाणीही वाटत नाही. की उत्पन्न घटलेल्या माणसाला हीच आवृत्ती परवडते?

ते काही असो, भाग टाकायचा राहिला आहे. कंडक्टरबाईची गाडी घाटात बंद पडली आहे, प्रवासी खाली उतरून ड्रायव्हरला सल्ले देताहेत आणि एक बाई अडलेली आहे. तिला अशा अवस्थेत सोडून उठणं बरं नव्हे. गाडी आर्वीला पोचवावी आणि मग काय ते ठरवावं, असं मी वहिनींना सांगितलं. पण गाडी पोचली की कंडक्टरबाईच्या बदलीचा हुकूम निघायचा आहे, आणि तो मीच दोन भागांपूर्वी पेरून ठेवला आहे.