खाचांची पट्टी

औषधाची माझी पहिली आठवण कागदाच्या एका पट्टीची आहे. पौडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, की घरून धुऊन आणलेली बाटली कंपाउंडरकाकांपुढे ठेवायची. काका तिच्यात लालसर मिक्श्चर भरत, कागदाची चिंचोळी घडी घालत, कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडत आणि ती पट्टी खळ लावून बाटलीवर उभी चिकटवत. दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक वेळ. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ही पट्टी तिला वाचता येई. खाचेवर बोट ठेवून ती मला बजावायची, "हितपर्यंत सकाळी, हितपर्यंत निजताना. मधी हात लावायचा न्हाई."

पुढे गोळ्यांची पाकिटं आली आणि खाचा गेल्या. चकचकीत फॉईल, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं. आजी पाकीट उलटंसुलटं करून बघायची आणि माझ्या हातात द्यायची. मी तेव्हा शाळेत होते. मला अक्षरं लावता येत, अर्थ लावता येत नसे.

त्याच सुमारास आजोबांना टीबी झाला. सरकारी उपचारात तेव्हा प्रत्येक रोग्याच्या नावाचा एक स्वतंत्र खोका असे, त्याच्या सगळ्या महिन्यांच्या गोळ्या त्या एका खोक्यात. पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांचा खोका लाल रंगाचा. आमच्या कोळवण खोऱ्यात तो अंगणवाडीच्या ताईंकडे ठेवलेला होता आणि आठवड्यातून तीनदा त्यांच्या डोळ्यांसमोर गोळ्या घ्यायच्या होत्या. आजोबा सुरुवातीला नेमाने गेले. मग एके दिवशी लघवी नारिंगी झाली. रक्त जातंय, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी जाणं बंद केलं. घरात कोणाला काही बोलले नाहीत. ताई स्वतः चालत घरी आल्या, पडवीत बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, तो रंग औषधाचा आहे. औषध अंगात भिनतंय, एवढाच त्याचा अर्थ." आजोबांनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि पाणी मागितलं. खोका पूर्ण झाला, आजोबा बरे झाले, त्यानंतर त्यांनी कितीतरी भातलावण्या केल्या.

तो रंग रिफाम्पिसिनचा, हे मला बीएस्सीच्या वर्षांत कळलं. १९५९ साली मद्रासच्या टीबी केंद्राने एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, तोही तेव्हाच वाचला: टीबीच्या रोग्याला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरीच औषध दिलं, तरी तो तितकाच बरा होतो. जगभरच्या उपचाराची दिशा त्या अभ्यासाने बदलली. वाचताना मला आमची पडवी दिसत होती. घरी औषध घेऊन बरं व्हायचं, तर घरापर्यंत येऊन सांगणारं कुणीतरी लागतं.

बीएस्सी केमिस्ट्री झाल्यावर पिरंगुटच्या बाजूला एका औषध कंपनीत लागले. आमच्या मुळशी तालुक्यात तेव्हा या धंद्याची चलती होतीच. टीबीच्या औषधांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लुपिनचं संशोधन केंद्र नांदे गावात आहे. भारतातल्या पहिल्या एमआरएनए लशीला २०२२च्या जूनमध्ये परवानगी मिळाली, ती लस हिंजवडीच्या जेनोवाची, आणि हिंजवडीही मुळशीतच येते. माझं काम या सगळ्यापुढे अगदी साधं होतं: पॅकिंग लाइनवरची तपासणी. पण मला ते मनापासून आवडलं. बॅच सुरू होण्याआधी लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचची एकही गोळी, एकही कार्टन मशीनच्या आसपास राहिलेलं नाही ना, हे वाकून वाकून पाहायचं. मग बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्सपायरी फॉईलवर ठळक उमटतेय का ते बघायचं. लीक टेस्टला पाकिटं निळ्या द्रावणात बुडवून निर्वात करायची आणि बाहेर काढून एकेक कप्पा फोडून बघायचा. कुठे निळा ठिपका दिसला तर मशीन थांबवायचं. पुढे प्रयोगशाळेत गेले. तिथे सदतीस अंश तापमानाच्या पाण्यात गोळी किती वेळात विरघळते, ते मोजलं. पोटात काय होणार, हे काचेच्या भांड्यात आधी पाहून घ्यायचं, ही कल्पनाच मला फार मोलाची वाटते. ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात अजून आदर आहे.

शेजारच्या वहिनींनी एकदा दोन पाकिटं माझ्यापुढे धरली. एक थायरॉइडचं, एक लोहाच्या गोळ्यांचं. "तू कंपनीत असतीस ना, मग ह्या दोन्ही सकाळी एकदम घेतल्या तर चालतील का?" दोन्ही गोळ्या कशा बनतात, कशा तपासतात, पाकिटात का घालतात, हे मी तासभर सांगू शकले असते. एकत्र घ्याव्यात का, हे मला ठाऊक नव्हतं. लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच अडवून धरतं, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, हे मी नंतर शोधून वाचलं. फार्मसीचा विचार त्या दिवसापासून पाठ सोडत नाही.

मग कायदा वाचला. औषधनिर्मितीचे नियम १९४५चे. त्यांत कारखान्यातल्या जबाबदार तज्ज्ञाची पात्रता दिली आहे: फार्मसीचा पदवीधर असेल तर दीड वर्षाचा अनुभव, रसायनशास्त्राचा असेल तर तीन वर्षांचा. म्हणजे तिथे काम करून पदवीची उणीव भरून काढता येते. १९४८च्या फार्मसी कायद्यात तशी वाट नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, असं त्याचं बेचाळिसावं कलम सांगतं. कायदा नवा होता तेव्हा दवाखान्यात पाच वर्षं औषधं बनवलेल्यांना पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली होती. पौडच्या काकांच्या आधीच्या पिढीतले किती कंपाउंडर त्या दाराने आत आले असतील. ते दार आता बंद आहे. मी हजारो पाकिटं पास केली, पण त्यातलं एकही चिठ्ठी वाचून कुणाच्या हातात देण्याचा अधिकार मला नाही.

पहिल्यांदा हे वाचून मन खट्टू झालं. वहिनींचा प्रश्न आठवला तेव्हा पटलं, की कायदा बरोबर आहे. मी गोळी शिकले होते, माणूस शिकायचा राहिला होता.

पण पस्तिशीच्या आसपास पगार सोडून वर्गात बसायचं, हे घरात सहज पचत नाही. फार्मसीचं शिक्षण टपालाने किंवा रविवारी होत नाही, वर्गात हजेरी लागते. आईने एवढंच विचारलं, "घराच्या हप्त्याचं काय करणार?" प्रश्न खरा होता. नवऱ्याच्या पगारात दोन वर्षं भागेल, चार वर्षं भागणार नाही, असा हिशेब आम्ही दोघांनी मांडला. सहा वर्षांचं फार्म-डी त्यामुळे बाजूला पडलं. बी-फार्म चार वर्षांचं, शिवाय सीईटी, आणि ती पदवी घेऊन मी बहुधा पुन्हा कारखान्यातच गेले असते, जरा वरच्या खुर्चीवर. डी-फार्म ही पदविका दोन वर्षांची, प्रवेश बारावी सायन्सच्या गुणांवर, नंतर पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पुढे वाटलं तर बी-फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

कंपनीतल्या एका वरिष्ठांनी वेगळाच सल्ला दिला. डी-फार्म कर, प्रमाणपत्र एखाद्या मेडिकलला भाड्याने दे आणि नोकरी चालू ठेव. बरेच जण असं करतात, हे खरं आहे. भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच माणूस, हे मी स्वतः पाहिलं आहे. मला त्याचा संताप येतो. २०१५च्या नियमांप्रमाणे रोग्याला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य आहे, आणि भिंतीवरचा कागद कुणाला काही समजावून सांगत नाही. आजोबांसारखा माणूस अशा दुकानात नारिंगी लघवीचं भय घेऊन आला, तर पाकीट मिळेल, उत्तर मिळणार नाही.

मी डी-फार्मला प्रवेश घ्यायचं ठरवलं आहे. नंतर कोळवण खोऱ्यात मेडिकल काढायचं आणि स्वतः काउंटरवर उभं राहायचं, असा बेत आहे.

कारखान्यातली वर्षं गाठीशी घेऊन या वाटेला येऊ पाहणाऱ्यांना एक सांगायचं आहे. फी भरण्याआधी कॉलेजचं नाव फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या यादीत आहे का, आणि तुम्ही प्रवेश घेणार त्या वर्षाची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. कॉलेजच्या फलकावर किंवा एजंटाच्या बोलण्यावर जाऊ नका. मान्यता नसलेल्या कॉलेजच्या पदविकेवर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही.