विळीला चार पाय

दिल्लीत मे-जूनची सुट्टी लागली की स्टेशनरीच्या दुकानांबाहेर पुठ्ठ्याचे ज्वालामुखी, फिरत्या पवनचक्क्या आणि एलईडीने उजळलेल्या सूर्यमाला मांडल्या जातात. ‘हॉलिडे होमवर्क’चा हा बाजार नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम सगळीकडे भरतो. पैसे द्यायचे, मुलाचं नाव चिकटवायचं, की प्रकल्प तयार. मला या बाजाराचा मनापासून राग येतो, कारण तो मुलांच्या हातातलं काम काढून घेतो. म्हणून माझ्या मुलीने नववीत ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय घेतला तेव्हा मला फार बरं वाटलं. नोएडातली तिची शाळा केंब्रिजच्या आयजीसीएसई अभ्यासक्रमाची आहे. तिथे या विषयाचे निम्मे गुण एकाच प्रकल्पाला असतात. कुणाची तरी खरी गरज शोधायची, अभ्यास करायचा, चित्रं काढायची, वस्तू बनवायची, वापरून पाहायची आणि तिच्यातल्या उणिवा लिहून काढायच्या. या सगळ्या वाटचालीची एक फाइल तयार होते आणि गुण त्या वाटचालीला मिळतात. काम विद्यार्थ्याने स्वतः केलं आहे, याची ग्वाही शिक्षकांना द्यावी लागते.

वर्गातल्या बऱ्याच जणांनी हवेचा विषय धरला. दिल्लीत ते साहजिकच आहे. आमच्या लेकीने मात्र विळी निवडली.

तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नागिरीहून कायमच्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत विळी होती. पण गुडघ्यांना संधिवात, डॉक्टरांनी मांडी घालून बसायला सक्त मनाई केलेली. विळी ओट्याखाली पडून राहिली. सुरीने भाजी चिरणं त्यांना कधी जमलंच नाही. पन्नासेक वर्षं धारदार पातं एका जागी स्थिर आणि भाजी हातात, अशी त्यांची सवय. आता भाजी स्थिर ठेवून पातं हलवायचं म्हणजे सगळंच उलटं. नारळ खवणं तर बंदच झालं होतं. मिक्सरमधून काढलेलं खोबरं सोलकढीला चालतं, मोदकाच्या सारणाला चालत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मिक्सरमध्ये खोबऱ्याचा कीस राहत नाही, त्याचे बारीक तुकडे होतात आणि करवंटीलगतचा तपकिरी भागही त्यात जातो.

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मुलीने लिहिलं: जमिनीवर बसू न शकणाऱ्या व्यक्तीला विळी वापरता यावी.

हे ऐकून प्रत्येकाने एकच उपाय सुचवला, विळी ओट्यावर ठेवा. तिने तसं करून पाहिलं आणि टेप घेऊन मापं काढली. ओटा ८५ सेंटिमीटर उंच. त्यावर विळीचं पातं वीसेक सेंटिमीटर वर जातं. उभ्या आजीचं कोपर जमिनीपासून ९२ सेंटिमीटरवर. म्हणजे पात्याचं टोक कोपराच्याही वर. चिरताना खांदे उचलावे लागतात, मनगट वाकडं होतं आणि जोर लावला की विळी मागे सरकते. देवकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरमापांवर तयार केलेला ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये काढला. या विषयाच्या सरांनी तिला त्यातले तक्ते वाचायला लावले. आपल्याकडचे तयार ओटे आणि फर्निचर कुणाच्या मापाचे असतात, हा प्रश्न तिला तिथून पडला. तो मला फार मोलाचा वाटतो.

पण या प्रकल्पातला खरा शोध मापांचा नव्हता. तो लागला सासूबाईंचे जुने फोटो आणि व्हिडिओ बघताना. गणपतीत रत्नागिरीच्या घरी काढलेल्या एका व्हिडिओत त्या नारळ खवताहेत. एक पाय दुमडून विळीच्या पाटावर घट्ट दाबलेला, दुसरा पसरलेला, सगळं अंग जरासं पुढे. मुलीने तो थांबवून थांबवून पाहिला आणि म्हणाली, “आजी, तू विळीवर बसली आहेस.” सासूबाई म्हणाल्या, “अगो, मग? नाहीतर ती पळेल ना!”

जमिनीवरच्या विळीला क्लॅम्प लागत नाही, कारण वापरणाऱ्याचं वजनच तिला धरून ठेवतं. विळी टेबलावर चढवली की हे वजन निघून जातं. मग त्या जागी स्क्रू आणा, रबरी चूषक आणा, काहीही आणा, ती तडजोडच राहते. विळी उंच करायची तर बसणारीला तिच्यासकटच उंच करायला हवं होतं. तिथून पुढे वहीत टेबलं दिसेनाशी झाली आणि बाकं दिसू लागली. दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं, मागे बैठक, पुढे पातं.

सरांनी याच सुमारास वर्गात ‘स्मार्टकेन’ दाखवली. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ती सुरू झाली. ‘सक्षम’ ही दृष्टिहीनांसाठी काम करणारी संस्था आणि चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी सोबत आल्या आणि २०१४ मध्ये ती बाजारात आली. पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा, पायरी, दगड शोधते. गुडघ्याच्या वर असलेली फांदी, उघडी खिडकी किंवा उभ्या ट्रकचा मागचा भाग तिला कळत नाही. या लोकांनी काठी बदलली नाही. तिच्या मुठीवर बसणारं एक उपकरण बनवलं. ते श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखतं आणि हाताला कंपनातून सांगतं. वर्षानुवर्षांची काठी चालवण्याची कला तशीच राहिली. लेकीने वहीत याच्या शेजारी लिहिलं, ‘पातं बदलायचं नाही.’

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला, त्यात त्यांनी लोट्याचं मनापासून कौतुक केलं होतं. तो किती पाणी घेतो, डोक्यावर, कमरेवर की हातात धरतात, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओततो कसा, घासायला किती सोपा, अशा प्रश्नांची मोठी मालिकाच त्यांनी मांडली. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची डिझाइन संस्था उभी राहिली. मुलीने ते सगळे प्रश्न विळीला विचारले. त्यासाठी ती मला दक्षिण दिल्लीतल्या चित्तरंजन पार्कच्या मासळी बाजारात घेऊन गेली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी साठच्या दशकात वसवलेली ही वसाहत. तिथले मासळीवाले मोठ्या बोटीवर रोहू कापतात. बोटी ही विळीचीच बंगाली बहीण, फक्त पातं रुंद आणि उंच. विक्रेते उंच कट्ट्यावर बसलेले असतात, पण बसतात बोटीच्या पाटावर पाय दाबूनच. कट्ट्यासकट माणूस वर गेलेला. तिने भराभर रेखाटनं केली. एका मासळीवाल्याने तिच्या वहीत डोकावून पात्याचा कोन चुकला आहे, असं बोट ठेवून दाखवलं आणि तो खरंच चुकला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीचा हवा निर्देशांक ४५० च्या वर गेला. प्रदूषणविरोधी आराखड्याचा चौथा टप्पा लागू झाला आणि दिल्ली, नोएडा, गाझियाबादच्या शाळा ऑनलाइन गेल्या. कार्यशाळा बंद. पण पुठ्ठा, चिकटपट्टी आणि फळांच्या पेट्या यांनी आमचा दिवाणखाना भरला. पुठ्ठ्याच्या बाकावर प्रत्यक्ष बसता येत नाही, म्हणून खाली जुने जाडजूड शब्दकोश रचले गेले. बैठकीची उंची ३८ सेंटिमीटर ठरली, कारण आजीच्या गुडघ्यामागचं माप तेवढं आहे. पुढची फळी बैठकीपेक्षा पाच सेंटिमीटर खाली, म्हणजे चिरायची जागा कोपराच्या खाली येते आणि खांदे सैल राहतात. नारळ खवताना कीस पडायला ताट कुठे ठेवायचं, हा प्रश्न जमिनीवर कधी पडतही नाही, कारण ताट आपसूक खाली असतं. इथे त्यासाठी सरकणारी फळी करावी लागली.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. सासूबाई बाकावरून उठताना पुढे वाकतात आणि समोर मिळेल त्यावर हात टेकून उठतात. आणि समोर तर पातं. मुलीच्या लक्षात हे आलं तेव्हा तिने आधीचा आराखडा बाजूला ठेवला. नव्या आराखड्यात पातं पुढे दुमडून फळीतल्या खाचेत जातं, त्यावर लाकडी झाकण बसतं आणि त्याच झाकणावर हात टेकून उठायचं. पातं उघडं असेल तर झाकण जागेवर नसतं, हात टेकायला जागाच नसते. उठण्याआधी पातं मिटवावंच लागतं. पुढचे पायही तिने आणखी पुढे घेतले, म्हणजे तो भार पडला तरी बाक कलंडत नाही. मला विचाराल तर सगळ्या फाइलमधलं हे पान सर्वांत सुंदर आहे.

शिसवाची फळी कीर्तिनगरच्या लाकूडबाजारातून आली. घडीच्या विळीचं नवं पातं रत्नागिरीहून एका नातेवाइकाने मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीनला आणलं. सासूबाईंनी त्याची धार अंगठ्यावर तपासली आणि मगच नातीच्या हातात दिलं. शाळा उघडल्यावर कार्यशाळेतलं काम सुरू झालं आणि करवत, रंधा, पटाशी, गुण्या हे शब्द आमच्या घरात रोजचे झाले. पायांसाठी खाचा तिने पटाशीने स्वतः काढल्या. शिसव कठीण लाकूड, घाई केली की कडा उडते. धारेचं काम मात्र नियमाप्रमाणे सरांनी केलं आणि फाइलमध्ये तसं नोंदवलं गेलं.

या मुलीचं काम बघताना मला वर्धा आठवत होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा आग्रह धरला आणि आराखडा तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद गेलं दिल्लीच्या जामिया मिलियाच्या झाकिर हुसेन यांच्याकडे. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमातून ग्रामीण शाळांतली मुलं बांधकाम, वायरिंग, शेती, आहार हे सगळं गावाची कामं करत शिकली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मराठी माध्यमाच्या आणि आदिवासी भागातल्या मुलांबरोबर पिशवी, पवनचक्की आणि बाहुल्या बनवण्याचे प्रयोग केले, तेही आधी रेखाटन, मग वस्तू या क्रमाने. म्हणजे ही गोष्ट महागड्या शाळेची मक्तेदारी नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्र सरकार शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान देतं. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या. त्यात थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर आले. मुलांना घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे तासभर शांतपणे बघायला सांगणाराही तिथे हवा. त्याला पैसे लागत नाहीत.

फेब्रुवारीत चाचणी झाली. सासूबाई बाकावर बसल्या, पातं उभं केलं, खुंटी अडकवली आणि अख्खा नारळ खवला. मुलगी समोर वही घेऊन बसली होती. तिने खोबरं नाही, आजीचे खांदे बघितले. नंतर ताणकाटा लावून पातं बाजूला ओढलं. टेबलावरची विळी जेवढ्या ओढीला सरकली, तेवढ्याला बाक हललाही नाही. शेजारच्या बंगाली काकूंनी त्यावर मासा कापून पाहिला आणि पातं आखूड आहे, असा स्पष्ट शेरा दिला. तोही फाइलमध्ये गेला.

मूल्यमापनाच्या पानावर उणिवांची यादी चांगली लांब आहे. बाक आठ किलोच्या आसपास जड, सासूबाईंना एकटीला उचलत नाही. पाय दुमडत नाहीत, त्यामुळे लहान स्वयंपाकघरात अडचण होते. झाकण पावसाळ्यात फुगेल का, हे पाहायचं आहे. दरम्यान रत्नागिरीच्या आत्येआजींना बाकाचा फोटो गेला आणि त्यांनीही एक मागितला. त्या सासूबाईंपेक्षा बऱ्याच उंच. नातीने व्हॉट्सॲपवर त्यांना तीन मापं विचारली आहेत: गुडघ्यामागची उंची, बसल्यावर कोपराची उंची आणि मुठीचा घेर. शिवाय उठताना हात कुठे टेकता, तेवढा एक व्हिडिओही पाठवा, असं लिहिलं आहे.